चार चार एक सात

जपानी स्क्रूच्या डोक्यावर, फुलीच्या बाजूला,
एक बारीक टिंब असतं.
माझ्या आईच्या हनुवटीवर गोंदलेलं होतं, तेवढंच.
ते नसेल तर स्क्रू परत करायचा,
मग गाळेवाला कितीही शपथा घेवो.

कुर्ल्याला तीन वर्षं अशी गेली.
एका इंडिकेटरच्या दांडीसाठी अकरा रविवार:
आखूड हवी होती, शहाऐंशी सालच्या पहिल्या लॉटची.
नंतरच्या बोटभर लांब आल्या.
"कोण बघतंय काका?"
मी बघतो.
माझगाव डॉकमध्ये छत्तीस वर्षं
मी दुसरं काय केलं?
एक सूत इकडे की तिकडे, एवढंच बघत आलो.

मग एका रात्री, भांडुपच्या आमच्या सोसायटीच्या पत्र्याखाली
रॉकेलच्या फडक्याने इंजिनाचं कानशील पुसताना
आकडे वर आले.
चार चार सात एक.
चेसिस म्हणते, चार चार एक सात.
आरसी बुकही तेच म्हणतं.
चष्मा पुसला. पुन्हा तेच.
म्हणजे एकतीस वर्षं मी
परक्याच्या इंजिनावर बसून ड्यूटीला गेलो,
नलूला डॉक्टरकडे नेलं, भाजी आणली.

आल्बन मिस्किटा आठवला, कलिन्याचा.
त्या दिवशी त्याने दोन यामाहा एकदम उघडल्या होत्या.
इंजिनं गोणपाटावर शेजारी शेजारी,
वर खडूने आकडे,
आणि दुपारी पोरीच्या कम्युनियनचं जेवण.
जेवण बरंच झालं असावं.
मिस्किटा आता चर्चमागच्या मातीत, त्याला काय विचारणार?
सुनेने त्याची वही काढून दिली,
तेल पिऊन पारदर्शक झालेलं पान:
परकार, डॉकयार्ड रोड.

याकूब परकारच्या दारात, ताडपत्रीखाली,
मोरपंखी टाकी.
दोन म्हातारे गुडघ्यांवर, मध्ये एक बॅटरी.
चार चार एक सात.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "म्हणजे पेट्रोलचा हिशोब कसा करायचा?"
त्याच्या बायकोने सांदणं आणली.
मी दोन खाल्ली, तेलकट हातांनीच.

दोन गाड्या, दोन इंजिनं, एक टेम्पो.
बसवायला चार दिवस लागले.
पॉइंट, टायमिंग, पंपाचं तेल,
प्रत्येक स्क्रूला टिंब.
तिसऱ्या किकेला लागली.
धूरसुद्धा बरोबर, निळसर, गोड.
आवाज माझा नव्हता.

माझ्या इंजिनाला ठेच लागायची,
उभ्या उभ्या, चार-पाच ठोक्यांनंतर,
काळोखात पायरी चुकावी तशी.
मिस्किटाने शेवटपर्यंत खटपट केली, निघाली नाही.
नलू त्या ठेचेवर तवा ठेवायची.
आज ती खिडकीत आली, पीठ लागलेले हात घेऊन,
थेट माझ्याकडे बघत विचारलं,
"कोण आलंय हो?"

नंतर एक दिवस फोन आला. परकार.
काही न बोलता त्याने फोन सायलेन्सरजवळ धरला.
मी स्पीकर लावला. गॅस बारीक करून
नलूही येऊन उभी राहिली.
टर्र टर्र टर्र टर्र, आणि ठेच.
"याकूबभाई," मी म्हणालो, "एक ऐका.
ती तेवढी काढू नका.
चुकीची आहे, मला माहितेय. राहू द्या."

"छे, कशाला काढू," तो म्हणाला.
"पण माझं दुसऱ्या गिअरला शीळ घालायचं,
अगदी बारीक, तुम्ही ऐकली असेल.
माझी नात त्यावरून गेटपाशी धावत यायची.
आता लग्न होऊन दापोलीला असते.
ती शीळ आहे ना अजून?"

बेअरिंग होतं ते.
परवाच काढून फेकलं होतं मी.
नवं घातलं होतं, अस्सल,
पाकीटबंद, जपानी.

"आहे," मी म्हणालो,
आणि नलू माझ्याकडे बघत राहिली.

कचऱ्याची गाडी सकाळी सातला येते.
बॅटरी घेऊन मी खाली उतरलो.