मृत संवर्ग

आस्थापना शाखेच्या फळ्यावर
मंजूर पदे एकेचाळीस, भरलेली तेरा.
दर एक तारखेला मुंजाजी पुसून पुन्हा लिहितो.
अक्षर त्याचं, आकडा शासनाचा.

सकाळी पावणेदहाला
रिकाम्या अठ्ठावीस खुर्च्याही तो पुसतो.
कशाला राव, मी म्हणालो एकदा,
कोण बसायलंय तिथं?
म्हणला, धुळीला काय म्हाईत
पद रिक्त हाय म्हणून.

साहेब बुधवारी येतात, लातूरहून.
तीन कार्यभार अन् एकच सही.
आधी आडनाव पूर्ण यायचं, मग निम्मं,
आता नुसती एक रेघ,
विष्णुपुरीच्या खाली मे महिन्यात
गोदावरी उरते तेवढी.

बिलोलीच्या नसरीन मॅडम
सतरा वर्षं तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतात.
त्यांच्या पदाचा प्रस्ताव
बिंदुनामावलीच्या चौथ्या त्रुटीवर अडकलाय.
पहिल्यांदा आल्या तेव्हा लेक कडेवर होती,
हे मुंजाजीला आठवतं, फाइलीत नाही.
परवा लेकीनंच स्कूटीवर आणलं,
गेटपाशी थांबली, आत आली नाही.
सर, काही हललं का?
मी वर पाहिलं.
पंखा हलत होता.

मी तरी कोण?
अकरा महिन्यांचा आदेश, मग तांत्रिक खंड.
वर्षातून एक दिवस मी नसतोच.
त्या दिवशीच्या टपालावर आवक क्रमांक
सातवी पास मुंजाजीच्या हातचे:
वळणदार, न चुकलेले.

मे अखेर त्याचा आदेश आला.
वाच म्हणला, चष्मा घरी हाय.
सदर पद मृत संवर्गातील असून
धारक निवृत्त होताच आपोआप व्यपगत.
व्यपगत म्हंजे?
तुमच्या जागी कुणी यायचं नाही, काका.
तो हसला, बसमतच्या हळदीनं पिवळी झालेली बोटं
पँटीला पुसत.
बरं हाय की मग.
चार्ज द्यायची भानगड न्हाई.

शेवटच्या दिवशी अठ्ठावीस खुर्च्या पुसल्या,
व्हरांड्यातलं आपलं स्टूल आणून
ओळीच्या टोकाला ठेवलं.
खडू घेतला.
मंजूर चाळीस. भरलेली बारा.
थांबला, बोटांवर वजाबाकी केली,
माझ्याकडं वळून म्हणला,
रिक्त अठ्ठावीसच राह्यले बघा.
मी गेलो ते कुठंच दिसंना.

चाळीसमधलं शून्य जरा मोठं आलंय.
एक तारीख होऊन गेली.
अजून कुणी पुसलं नाही.