पेन्सिलीचं पान

माझ्या वहीत नफा निळ्या शाईने लिहिलाय,
तोटा पेन्सिलीने.
ठरवून केलं नव्हतं.
पहिला तोटा झाला तेव्हा हाताशी पेन्सिल होती.
दुसऱ्या वेळी मी ती शोधली.

म्हापशात, बेकरीच्या माडीवर माझी खोली.
दुपारी एकला खाली शटरं पडतात,
फार्मसी झोपते, शिंपी झोपतो,
बँकेच्या पायरीवरचा कुत्रा झोपतो,
अख्ख्या गावाला ठाऊक आहे
की या वेळी काही करायचं नसतं.
मी एकटा जागा.
चारला गाव डोळे चोळत उठतं
तेव्हा बाजार बंद झालेला असतो
आणि मी नुकताच कुठेतरी चुकलेला असतो.

पाइप बनवणारी कंपनी. दोनशे बाराला घेतली.
एकशे ऐंशीला आणखी, कारण स्वस्त झाली होती.
एकशे तीसला आणखी, कारण आता तर फारच.
याला आम्ही सरासरी खाली आणणं म्हणतो.
विहिरीत उतरणाराही खालीच जातो,
पण दोर बांधून.

त्याच महिन्यात औषधांची कंपनी अकरा टक्के वर गेली.
ती मी तीन दिवसांत विकली,
घरी इसवण नेलं, सुलक्षाने तळलं,
मी काटे काढता काढता बाजार समजावून सांगितला.
आज ती चौपट आहे. तिच्याकडे मी बघत नाही.
धरता माड तोडला
आणि वठलेल्याला रोज पाणी.

शेअरला माहीत नसतं आपण त्याला कितीला घेतलं.
हे वाक्य माझंच.
उल्हास शिरोडकरला ऐकवलं होतं,
त्याच्या तोट्याबद्दल.

बेतीच्या फेरीबोटीतून मांडवीवरचे दिवे दिसतात.
तिथल्या माणसांना मी हसतो:
पाच वेळा काळं आलं म्हणून
सहाव्यांदा लालवर अंगठी काढून ठेवणारे!
मग घरी येऊन म्हणतो,
सहा दिवस पडलाय,
उद्या उठणारच.

हळदोण्याचा कायतान सगळ्यांना माहीत आहे.
यातूनच त्याने घर बांधलं, समोर शिंपल्यांच्या खिडक्या,
तावेर्नात दुसऱ्या पेगाला त्याचं नाव निघतं.
त्याच्याबरोबर त्याच वर्षी सुरुवात केलेले आणखी कितीजण होते
हे मी एकदा विचारलं.
कुणाला आठवेना.
एकाचं आडनाव निघालं, ते पण चुकीचं.

शुक्रवारी संध्याकाळी शिवोलीची कोन्सेसांव
तांबड्या भाजीच्या उरलेल्या जुड्या
अर्ध्या भावात माझ्या पिशवीत कोंबते.
सकाळी याच जुडीसाठी ती माझ्याशी भांडली होती.
'फाल्यां कुसतली, बाबा, व्हर.'
आणि रिकामी पाटी डोक्यावर ठेवून
बस पकडायला धावते.
सकाळचा भाव ती सोबत नेत नाही.

ती भाजी खाऊन मी शनिवार-रविवार काढला.
सोमवारी विकले. चारशे शेअर, एकसष्टला.
बोट बटणावर होतं तेव्हा
खाली पदेराचा भोंगा वाजला
आणि मी तो शकुन आहे का याचा विचार केला,
म्हणजे बघा.

बुधवारी भाव चोपन्न.
मला इतका आनंद झाला
की मी खाली जाऊन दोन गरम उंडे घेतले,
पदेराला म्हटलं, मला आधीच कळलं होतं.
त्याने सुटे परत केले.

वर येऊन वही उघडली.
चारशे शेअर, सात रुपये. अठ्ठावीसशे.
न झालेलं नुकसान
मी नफ्याच्या पानावर लिहिलं,
निळ्या शाईने, आकड्याखाली दोन रेघा.

समोरच्या पानावर सोमवारची ओळ अजून कोरी आहे.
पेन्सिलीला टोक नव्हतं.