कणी

पहाटे साडेपाचला स्पर्धा सुरू झाली.
सव्वासहापर्यंत अकरा नोंदी, आणि मग
आचऱ्याच्या बंदरावर बर्फाचा कारखाना जागा झाला.
इथून दिसत नाही तो. पण माझ्या खोलीत
सुई सातावर जाऊन बसते, उठत नाही:
म्हणजे होड्या आल्या, मोटर लागली, लाद्या फुटतायत.
त्यात कोळंबीच्या तळ्यावरचे दिवे,
खाऱ्या हवेने हिरवा पडलेला तारेचा सांधा,
शेजारच्या मेस्त्रींचा इन्व्हर्टर.
तेवीस वर्षं मी ह्या सगळ्यांच्या आडून
माणसं ऐकत आलोय.

गणपतीत भाचा आला, संगणकात काहीबाही घालून गेला.
'मामानु, आता आयका.'
पडद्यावरची पट्टी सत्तरपर्यंत सरकवली
आणि पंगतीत पहिला घास तोंडात गेल्यावर
गलका बसतो, तशी खरखर बसली.
मी घाबरलोच. वाटलं, माडावरून तार सुटली.
ट्रॉलरची इंजिनं उघडण्यात जन्म गेला माझा,
डावा कान त्यांनाच देऊन बसलोय;
चालू यंत्रातली इतकी शांतता
मला कधीच बरी वाटलेली नाही.

पण खोटं कशाला बोलू,
तिसाव्या तासाला तीच शांतता गोड लागते.
जपान, सर्बिया, कुवेत, पुन्हा जपान.
प्रत्येकाला पाच-नऊ. ज्याचा आवाज
विहिरीच्या तळातून येतो त्यालाही पाच-नऊ.
लग्नात आमटी खारट असली तरी
'जेवण उत्तम' म्हणतात, तसा हा रिवाज.
आवाज मात्र सगळ्यांचे एकाच घरातले वाटू लागलेत,
धुऊन, इस्त्री करून ठेवलेले.

म्हणून मी एक युक्ती केलीय.
उजव्या, चांगल्या कानात निवडलेला आवाज,
डाव्यात कच्चा.
संगणकाला निवडायला जरा वेळ लागतो;
त्यामुळे प्रत्येक माणूस आधी डावीकडे बोलतो,
मग उजवीकडे, खाडीच्या पुलाखाली
हाक मारल्यासारखा.

बाहेर खळ्यात शालन
गिरणीतून आणलेले नवे तांदूळ पाखडतेय.
कोंडा उडतो. कणी ती उडू देत नाही,
सूप घोळवून कडेला घेते, पेजेला.
पट्टीला हे कोण शिकवणार?
तिच्या लेखी जे बारीक ते फोल.

संध्याकाळी पंधरा मीटरवर
मादागास्करच्या बाजूचं कुठलंतरी बेट.
उजव्या कानात त्याचं नाव स्वच्छ,
आणि शेवटच्या अक्षराच्या जागी
स्वच्छ काहीच नाही.
'अगेन?'
पुन्हा तेच, पुन्हा तिथेच पाय घसरल्यासारखं.
स्पर्धेचा नियम साधा आहे, जुना आहे:
ऐकलं नाही ते लिहायचं नाही.
अंदाज बांधता येतो. बांधतातही लोक.

मी हेडफोन काढला, उलटा करून घातला.
चांगल्या कानात भसकन सगळं गाव शिरलं,
मोटर, दिवे, मेस्त्रींचा इन्व्हर्टर,
आणि त्याच्या तळाशी, दाताखाली यावी तशी,
एक टणक 'किलो'.
लिहिलं. त्याला पाच-नऊ दिलं. त्यानेही दिलं.
माझं नाव त्याला नीट मिळालं का, कोण जाणे.
नसेल तर गुण कापतील, निकालात कळेल.

वर पाहिलं तर दारात शालन.
'जेवक येतलास की नाय? चौथ्यांदा इचारतंय.'
तिचा आवाज तर मी कुठल्याच कानात घातला नव्हता.
पट्टी पस्तिसावर आणून उठलो.
बाहेर अंधार, तांदूळ डब्यात गेलेले,
सुपाच्या टोकाला चिमूटभर पांढरं.
बंदराकडून काही ऐकू येत नव्हतं.
कारखाना नेमका कधी थांबला,
ते यंदा पहिल्यांदाच
मला कळलं नाही.