दीडशे पत्रिकांचा लगदा

दीडशे पत्रिका परत आल्या शनिवारी
त्याच खोक्यातून,
मी बांधलेल्या सुतळीची गाठही न सुटलेली.
मुलीचे काका खाली रिक्षा थांबवून वर आले,
म्हणाले, पैसे दिलेत तुमचे, आता काय ते करा.
चहा नको म्हणाले.
जिन्यात चप्पल घालताना थोडे अडखळले.

कोपरखैरणे, सिडकोची खोली,
मागे वाढवलेली पत्र्याची पडवी. हा माझा कारखाना.
एक मिक्सर, ज्यात चटणी वाटायची नाही.
खिडकीची जुनी चौकट, तिच्यावर ताणून ठोकलेली मच्छरजाळी.
मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद घातलेली.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटातून
फुकट मिळणारी सालं, गोणीभर;
उकळली की मधाचा रंग सोडतात.
आणि हळद.
हळदीच्या कागदावर सोड्याच्या पाण्याचा ब्रश ओढला
की रेघ उमटते कुंकवासारखी.
ती युक्ती याच पत्रिकांना वापरली होती.
मुलीच्या आईने रेघेवर बोट फिरवून
बोट निरखून पाहिलं होतं, रंग लागतो का.

वर कागदी नक्षी: तीन मिलिमीटरच्या पट्ट्या
दाभणाच्या टोकावर गुंडाळून
कुठे थेंब, कुठे डोळा, मधोमध कोयरी.
एका पत्रिकेला एकवीस गुंडाळ्या.
एकवीस गुणिले दीडशे.
हिशेब माझ्या आंगठ्याला पाठ आहे.

सोमवारी दारात एक मुलगी.
"मी दर्शना," म्हणाली. "पत्रिकेतली."
काय करणार त्यांचं, ते बघायचं होतं तिला.
मी टब पुढे सरकवला. तिने कात्री उचलली.

कात्री नको, म्हटलं. हाताने फाड.
कापला की तंतू आखूड होतो,
त्याचा कागद घडीवर चिरतो.
फाडला की कडेला लव सुटते,
ती लव दुसऱ्या लवेला धरते.

मी कागदाबद्दलच बोलत होते.

तिने फाडायला घेतलं.
'आमचे येथे श्रीकृपेकरून' एका बाजूला,
चि. एकीकडे, सौ. कां. एकीकडे,
मुहूर्ताची मिनिटं मधोमध उसवलेली.
'कृपया आहेर आणू नये' पाशी थांबली, हसली.
"हे बाबांनी हट्टाने घातलं होतं," म्हणाली,
आणि त्याचेच सगळ्यात बारीक तुकडे केले.
बाकी काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.
चहा मात्र दोन वेळा झाला.

रात्रभर भिजत ठेवलं.
दुसऱ्या दिवशी ऐरोलीहून ऑफिस सुटल्यावर आली,
गळ्यात ओळखपत्र तसंच.
मिक्सर तीनदा, थोडा थोडाच.
मग साचा तिरका बुडवायचा, आडवा उचलायचा,
एकदाच हलवायचा, पाणी झिरपू द्यायचं.
तिचा पहिला ताव मधोमध फाटला.
घाल परत टबात, म्हटलं.
दुसरा जाड. तिसऱ्याला एक कोपराच नाही.
सातवा तिने स्वतःच कपाटाच्या दारावर थापला
आणि स्पंजाने दाबत बसली,
ताप आलेल्याच्या कपाळावर पट्टी ठेवावी तशी.

सोनेरी शाई विरघळत नाही.
कागद सुकला पावाच्या कडेच्या रंगाचा,
त्यात सगळीकडे ठिपके,
कुठे अर्धा काना, कुठे नुसता रफार.

त्याच कागदाची नेरूळच्या केणींच्या बारशाची चाळीस कार्डं.
शाई संपलेल्या बॉलपेनने मागून दाबून पाळणा उठवला.
एका तावाच्या कोपऱ्यात, कशी कोण जाणे,
दोन शब्दांची अख्खी चिंधी वाचली होती:
'यायचं हं!'
आत्याच्या लग्नाला, असं त्याआधी होतं,
खाली भाचरांची नावं.
पंच मारून भोक पाडता आलं असतं,
वर कोयरी चिकटवता आली असती.
ताव उलटापालटा करून पाहिला,
आणि घडी अशी घातली
की शब्द आतल्या बाजूला आले, तळाशी.

ते कार्ड कोणाला गेलं, माहीत नाही.
दर्शनाने जाताना दाभण मागून नेलं,
पट्ट्यांचं एक पुडकंही.
दाभण अजून तिच्याकडेच आहे.