नमुना क्रमांक सात

उदगीरच्या तंत्रनिकेतनात, तळमजल्यावर,
ताण मोजायचं एक जुनं यंत्र आहे.
लाईट गेली की आकडा शून्यावर,
आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून.

आज धुरपदामावशी आल्या,
देवणीच्या बसनं, मांडीवर अंबाडीच्या वाखाची पेंडी.
कंडक्टरनं पेंडीचंही तिकीट फाडलं म्हणे, अर्धं.

आठ महिने मी त्यांच्याकडूनच घेतोय वाख,
किलोवर.
तो कॉस्टिकमध्ये बुडवतो, धुतो, वाळवतो,
एका दिशेनं विंचरून अंथरतो साच्यात,
वर राळ, वर दाब, वर एक रात्र.
सकाळी फळी. फळीच्या पट्ट्या. पट्ट्यांना नंबर.

सातवी पट्टी जबड्यात धरली.
आलेख चढत गेला, निमूट, सरळ,
थोडा वाकला,
आणि वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज.

"किती?"
अठ्ठेचाळीस मेगापास्कल, मी म्हणालो.
"म्हंजे किती, ते सांग की लेकरा."
रुंदी साडेबारा मिलिमीटर, जाडी तीन;
गुणाकार केला कागदाच्या कडेला.
ज्वारीची दोन पोती, मावशी. थोडी कमीच.
"येवढ्याशा पट्टीला?"
मग जरा थांबून,
"माझा सोल ह्याच्यापेक्षा जास्त वढतो."

त्यांनी तुटलेला तुकडा मागून घेतला.
तोंडाशी धागे उभे होते, लांब, स्वच्छ,
उकडलेल्या शेंगेतून दाणा निघावा तसे
राळेतून अलगद निघालेले.
मावशींनी त्यावरून अंगठा फिरवला;
पिळानं घासून घासून खाच पडलेला अंगठा.
"हे तुटलं न्हाई," म्हणाल्या, "सुटलंय.
तुटतं ते कळतंय. सुटतं ते फसवतंय."

तीन आठवडे मी कॉस्टिकचं प्रमाण बदलत होतो,
चार टक्के, पाच, सहा.

"ह्या बारीला वढ्यात पाणी न्हवतं," त्या खाली बघून म्हणाल्या,
"तीन दिस आधीच काडली. चिकटा ऱ्हायलाय सालीचा.
सांगणार होते.
पैसे घेतले, मग न्हाई सांगितलं."

वहीत मी लिहिलं: पकड अपुरी.
कारणाचा रकाना तसाच ठेवला.

"ह्या फळीचं काय करायलाव तुमी?"
मोटारीच्या दाराला लावतात, आतल्या अंगानं.
"मंग दिसायची न्हाई."
नाही.
त्या हसल्या. "आमची येसण बरी मग.
बैलाच्या नाकात तरी दिसती."

आठवी पट्टी लावली आणि लाईट गेली.
जबड्यात पट्टी तशीच, अर्ध्या ताणात.
खिडकी झाडामागची, खोलीत नुसता अंधार.
मी जनरेटरच्या आवाजाची वाट बघत उभा,
तर खालून, फरशीवरून,
सर्र, सर्र,
मावशी मांडीवर पीळ घालत होत्या
मी टाकून दिलेल्या धाग्यांना.