फळीचं वय

फळी शेमूनीच्या घरात, पिठाच्या कणगीमागे,
भिंतीला पाठ टेकून उभी असायची,
शिक्षा झालेल्या मुलासारखी.
हातभर लांब. एका कडेला कुरतडलेली,
पण उंदरांनी नाही.
बाई अडली की शेमूनी नखाएवढा ढलपा काढायची,
कोमट पाण्यात बुडवायची, ते पाणी पाजायची.
तिच्या सासूनं हेच केलं, सासूच्या सासूनंही.
मी त्याच पाण्यावर जन्मलो, असं आई सांगे.

नूहची नाव आमच्या जूदी डोंगराला लागली
हे इथं कुणी कुणाला सांगत नाही.
आपलं नाक कुठंय, हे सांगतो का आपण?

मी शाळेत इतिहास शिकवतो,
म्हणून तेर्पस्त्रानं दुभाषा मलाच धरलं.
हॉलंडचा. उंच, गुडघ्यांनी बेजार.
त्याच्यापाशी चिमटा, पातळ हातमोजे,
आणि शेंगेएवढी काचेची नळी.
शेमूनीनं चहा दिला, मग विचारलं,
"कोण अडलंय?"
मी भाषांतर केलं. तो हसला नाही.
म्हणाला, "मीच."
तिनं ढलपा काढून दिला.

चार महिन्यांनी पत्र आलं.
लाकूड अक्रोडाचं.
वय दोनशे वर्षं, फार तर अडीचशे.
खाली, शाईनं, वेगळ्याच अक्षरात:
*आमच्याकडे समुद्र घरात शिरला तेव्हा
वडील सात वर्षांचे, दोन रात्री छपरावर.
ते सांगायचे, दुसऱ्या रात्री गाय बोलली.
"झोपू नकोस," म्हणाली.
पुराची तारीख माझ्याकडे आहे, पाण्याची उंची आहे.
गायीचं काय करावं, ते अजून कळलेलं नाही.*

मी चढ चढताना वाक्यं जुळवत गेलो,
मयताची बातमी घेऊन जातात तसा.
ती मधाच्या पेट्या साफ करत होती.
"दोनशे?" बोटांवर सासवा मोजल्या,
सहाव्या बोटाशी थांबली.
"म्हणजे तेव्हा कुणीतरी ही खालून वर आणली.
कसलं पाणी आलं होतं रे तेव्हा?"
मला माहीत नव्हतं.
"मग शाळेत शिकवतोस काय?"

त्याच वसंतात खाली धरणाचे दरवाजे उतरवले.
या पाण्याला तारीख होती, शिक्का होता,
जावक क्रमांक होता.
आभाळातून थेंब नाही;
तैग्रिसच उलटी फिरून रोज बोटभर चढायची,
अकरा महिने.
ट्रॅक्टरवर कोंबड्या, गाद्या, एक शिलाई मशीन.
जोडी-जोडीनं कुणी निघालं नाही,
ज्याचं जे उरलं होतं ते घेऊन निघाला.
कबुतर नाही सोडलं कुणी.
सोडलं असतं तर ते कुठं बसलं असतं, हे नकाशात होतं.
माझा फळा आता माशांच्या ताब्यात आहे,
त्यावर शेवटची तारीख माझ्याच अक्षरात.

शेमूनीला वरच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या.
फळी आता फ्रिजमागं.
बायका दवाखान्यात जातात,
जाताना आधी तिच्याकडे वळतात.

परवा मुलांना निबंध दिला: आमचं जुनं गाव.
झोझाननं लिहिलंय,
*पाणी आलं त्या रात्री पीराची कबर उठली
आणि घुमटासकट डोंगर चालून आली.
मी बाबांच्या खांद्यावरून पाहिलं.
तिला खूप पाय होते.*

मीही होतो तिथं.
लोखंडी गाडा होता, त्याला शेकडो चाकं,
इंजिनिअर शिट्टी फुंकत मागं-मागं चालत होता,
आणि म्हातारी माणसं टोप्या काढून उभी होती.
मी लाल पेनानं पायांखाली रेघ ओढली,
समासात लिहिलं, *चाकं.*

मग बराच वेळ पेन तसंच उघडं राहिलं.
तेर्पस्त्राला पत्र लिहायचं आहे,
ढलप्याचं नाही, गायीचं.
झोझानला दहापैकी किती द्यावेत
तेही विचारेन म्हणतो.