अडीच हात

सोळा वर्षं मी माती वाहिली.
डिचोलीच्या खाणीवरून आमोण्याच्या धक्क्यापर्यंत,
दिवसाला सहा खेपा, कधी सात.
फाळक्यातून सांडत जायची लाल धूळ
आणि लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची.
जहाजात चढून ती कुठल्या देशात गेली, तिचं काय झालं,
मी विचारलं नाही.
खेपेचे पैसे मिळत होते.

खाण बंद झाली. ट्रक विकला, ताडपत्री राहिली.
आणि शिलाच्या वाट्याला आलेली जमीन, सत्तरीत, झर्म्याच्या अलीकडे:
चार काजू, एक किंदळ,
मधोमध वारूळ, माझ्या छातीएवढं.

इनास मेस्त म्हणाला, माती आधी तोंडात घालून बघ.
मला थट्टा वाटली.
त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवली, दाताखाली चावली.
"रेव बरी आहे. चिकण कमी."
मग बरणीत पाणी घालून हलवली, रात्रभर ठेवली.
सकाळी तळाशी वाळू, तिच्यावर गाळ,
वर चहासारखं पाणी.
सोळा वर्षांत मातीची चव कळली नव्हती मला.
म्हणजे, गिळली भरपूर होती.

पंचायतीत क्लार्कनं विचारलं, पक्कं की कच्चं?
अर्जावर दोनच चौकोन.
मी म्हटलं, वाळल्यावर सांगतो.
तो हसला नाही.

पौषात खड्डा खणला.
पेंढा कोयत्यानं बारीक केला. शेण भागी झोरेच्या गोठ्यातलं;
पैसे घेईना, म्हणाली, नव्या चुलीवरची पेज वाढ एकदा.
शिलानं साडी खोचली आणि उतरली,
मागोमाग मी.
लग्नाला एकवीस वर्षं झाली होती,
हात धरून इतका वेळ आम्ही कधी उभे नव्हतो.
घसरू नये म्हणूनच धरलेला. तरी.

साचा फणसाचा. बुडवायचा, भरायचा,
हातानं काठ पुसून अलगद उचलायचा.
पहिल्या दिवशी चाळीस विटा, त्यातल्या अकरा फुटल्या.
फुटलेल्या परत खड्ड्यात, परत पायांखाली, परत साच्यात.
असं काही परत जाताना
मी खाणीवर पाहिलं नव्हतं.

"चिकण कमीच पडते," इनास म्हणाला,
"त्या वारुळातली दहा घमेली घाल, भिंतीचा दगड होईल."
शिला काही बोलली नाही.
खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला फक्त.
तिच्या गावच्या देवळात मूर्ती नाही,
चांदीच्या मुखवट्यामागे वारूळच आहे. सातेरी.
इनासनं टोपी काढली, हातात फिरवत राहिला.
"आमची पण हीच होती म्हणे, खूप आधी," म्हणाला.
"चिकण ओहोळावरून आणू."

पण वारूळ नेमकं नकाशातल्या स्वयंपाकघरात.
सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर काढलेला नकाशा आमचा;
इनासनं कोळशानं एक रेघ खोडली
आणि भिंत अडीच हात मागे घेतली.
तेव्हापासून घर तिथं जरा वाकून उभं आहे,
कुणाला तरी जायला वाट द्यावी तसं.
पुतण्या म्हणतो, काका, कपाट कुठं बसवणार?

शिगम्याच्या रात्री अवेळी गडगडलं.
सहाशे विटा अंगणात, अर्ध्या ओल्या.
अंधारात चाचपडत ताडपत्री ओढली,
तिच्या घडीतून जुनी लाल भुकटी गळत होती.
पाऊस आला, पाच मिनिटं, आणि गेला.
आम्ही दोघं कडांवर दगड ठेवून
उगाच पहाटेपर्यंत बसलो.

आता भिंती खांद्याला लागल्यात.
दिवसाला दोनच थर, मग थांबायचं;
इनासला घाई चालत नाही.
कौलं यायची आहेत. दार यायचं आहे.

काल दुपारी खिडकीच्या चौकटीत
एका कुंभारमाशीनं काम काढलं.
माती आमच्याच खड्ड्यातली,
तोंडात मावेल तेवढी.
मी चहा घेऊन समोर बसलो, खेपा मोजल्या.
सत्ताविसाव्या खेपेला तिनं आत एक अळी ठेवली,
अठ्ठाविसाव्याला दार लिंपलं,
आणि निघून गेली.